बाईंचं धुराडं

आमच्या डॉक्टरीणबाई धातू चाटून बघत. कुणाच्या घरून नवी कळशी आलेली असो, बाळाच्या पायातला वाळा असो, की टांग्याच्या चाकाची धाव असो, बाई आधी नखानं टिचकी मारत, कान लावत, आणि मग आजूबाजूला कोण आहे याची फिकीर न करता जिभेचं टोक त्याला टेकवत. "लोखंड रक्तासारखं लागतं," त्या मला सांगत, "जस्त तुरट, तांबं कडवट. चांगलं पोलाद कशासारखंच लागत नाही. माणसांचंही तसंच असतं." हे शेवटचं वाक्य त्या कशाच्याही मागं जोडायच्या, त्यामुळं मी ते फारसं मनावर घेत नसे.

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे दिवस. सरकारी कागदावर गाव उस्मानाबाद, बोलण्यात धाराशिव. येडशीच्या रस्त्याला, वस्तीच्या जरा बाहेर, काही व्यापाऱ्यांनी मिळून बाळंतिणींसाठी एक लहान दवाखाना बांधला होता. पंच तेच व्यापारी, आणि डॉक्टर एकट्या बाई. मी सोलापूरला शिकून तिथं नर्स म्हणून लागले तेव्हा बाई पन्नाशीच्या असतील. उमरग्याकडच्या लिंगायत घरातल्या. राग आला की कानडीवर जायच्या. गळ्यात शिवलिंगाची चांदीची पेटी, अंगावर पांढरं सुती लुगडं आणि त्यावर रबराचा जाड एप्रन. जेवायला म्हणून त्या कधी बसल्याचं मला आठवत नाही. तळहातावर भाकरी, भाकरीवर शेंगदाण्याची चटणी, आणि वॉर्डातून फिरता फिरता जेवण उरकलेलं. लग्न का केलं नाही हे त्यांना विचारायची गावात कुणाची छाती नव्हती.

पण बाईंची खरी ख्याती वेगळी होती. त्या खोटं बोलत नसत. म्हणजे आपण सगळेच म्हणतो तसं नव्हे. रोग्याला धीर द्यायला डॉक्टर जे गोड बोलतात, तेवढंही नाही. एका मोठ्या देशमुखांनी सुनेला आणली आणि विचारलं, "मुलगाच होईल ना?" बाई म्हणाल्या, "मुलगा होईल किंवा मुलगी होईल. तिसरं काही माझ्या हातून आजवर झालेलं नाही." देशमुख लाल झाले, पण सून दवाखान्यातच राहिली. एकदा कळंबकडची एक बाई रक्त जाऊन जाऊन संपत आली होती. "मी जगंन का वो?" तिनं विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "नाही गं. पण मी इथून उठणार नाही." आणि उठल्या नाहीत. मला त्या वेळी त्यांचा संताप आला होता. पण ती बाई शांत झाली, घरच्यांना बोलावून घेतलं, पोरीच्या केसांवरून हात फिरवला, आणि मगच गेली.

दवाखान्यात गरम पाण्यासाठी आणि हत्यारं उकळण्यासाठी एक बॉयलर होता. एका पंचाच्या सरकीच्या जिनिंगमधून काढलेला. पूर्वी त्यात लाकूड जळायचं. लाकूड मिळेनासं झालं तेव्हा पंचांनी त्याला तेलाचा बर्नर बसवून दिला, आणि जिनिंगच्या टाकीतलं काळं तेल येऊ लागलं. सगळे खूश झाले. धूर कमी, राख नाही, कुणी सरपण फोडायला नको. बाई तेवढ्या खूश नव्हत्या. "दिसतो त्या धुराला भिऊ नये," त्या म्हणायच्या. "तो सांगून येतो. दिसत नाही त्याला भ्यावं." पंच हसायचे.

बॉयलरखान्याचं धुराडं वॉर्डाच्या भिंतीतूनच वर गेलं होतं, विटांचं, चुन्यात बांधलेलं. त्या भिंतीला लागून असलेल्या खाटेला आम्ही उबेची खाट म्हणायचो. थंडीत ती खाट मिळावी म्हणून बाळंतिणींच्या आया माझ्या मागं लागायच्या. त्या हिवाळ्यात ती एका मापाड्याच्या बायकोला मिळाली. मोंढ्यात धान्य मापून द्यायचं काम करणारा तरुण गडी होता तो; आवाज मोठा, मनानं भाबडा. पहिलीच मुलगी झालेली. सकाळी मी कढत पाणी घेऊन गेले तर बायको गाढ झोपलेली दिसली. गाल लाल, जशी आत्ता हसून गप्प झालीय. हात लावला तर थंड. बाळ तेवढं वाचलं होतं, कारण ते रडतं म्हणून आजी त्याला घेऊन पलीकडच्या खोलीत निजली होती. वॉर्डातल्या बाकीच्या दोघी बाळंतिणी डोकं धरून ओकत होत्या.

बाई आल्या. त्यांनी तिचे गाल पाहिले, नखं पाहिली. मग भिंतीला तळहात लावला आणि ओरडल्या, "खिडक्या उघडा! सगळ्या!" तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

मापाडी अंगणात उभा होता. पंचांपैकी एकजण बाईंच्या कानाशी लागला, "बाळंतपणात होतंच असं. तेवढंच सांगा." बाई त्याला ओलांडून पुढं गेल्या.

"तुझी बायको बाळंतपणानं नाही गेली," त्या म्हणाल्या. "बाळंतपण चांगलं झालं होतं. आमच्या धुराड्यातून विषारी हवा भिंतीतून आत आली, तिनं ती गेली. डॉक्टर मी आहे. दोष माझा."

मला वाटलं आता हा हात उगारणार. पण तो म्हणाला, "बाई, मग हे तुमी मला सांगितलंच कशाला?"

"तुला माहीत असायला हवं."

"मला नको हुतं माहीत," तो म्हणाला आणि खाली बसला.

गावभर झालं. पंच आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत. पण तेव्हापासून धाराशिवात लोक म्हणू लागले, ही बाई सोताच्या इरुद्ध बी खोटं बोलत न्हाय.

दुसऱ्या दिवशी वॉर्ड रिकामा करून बाईंनी भट्टीत ओलं गोणपाट आणि मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या. आम्ही दोघी वॉर्डात भिंतीजवळ उभ्या राहिलो. थोड्याच वेळात माझे डोळे वाहू लागले, घसा धरला. बाई खोकत खोकत भिंतीवर नाक लावून हिंडत होत्या, आणि जिथं ठसका जोरात येई तिथं कोळशानं फुली मारत होत्या. भिंत फुल्यांनी भरली. मग त्यांनी एका सांध्यात बोट घातलं. चुना वाळूसारखा खाली आला.

"तेलाचा घाम," त्या म्हणाल्या. तेलाच्या धुरात गंधक असतं, तो वर जाता जाता गार होतो, त्याचं पाणी सुटतं, आणि ते पाणी चुना खातं. लाकडाच्या धुरानं जे इतकी वर्षं झालं नाही ते तेलानं वर्षात केलं. भिंत पाडून नवी बांधली तरी तेल तिलाही खाणार. उपाय एकच होता: विटांच्या पोकळीत खालपासून वरपर्यंत धातूची नळी सोडायची, म्हणजे धूर विटेला शिवणारच नाही. पण कसल्या धातूची?

यावर दवाखान्याच्या ओसरीवर जी भांडणं झाली ती सांगायची तर दिवस पुरायचा नाही. एका पंचानं घरचं तांबं देऊ केलं. "पिढ्यान्‌पिढ्या तांब्याच्या बंबात पाणी तापवतोय आमी. काय झालंय त्याला?" बाई म्हणाल्या, "पाण्याचं वेगळं, या घामाचं वेगळं." ते रुसून गेले. दुसऱ्यानं जस्ती पत्रा सुचवला, जो बाजारात मिळत होता. तिसऱ्यानं जर्मन, अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडं तेच नाव. बाईंनी कुणालाच हो म्हटलं नाही. त्यांनी लोणच्याच्या बरण्या मागवल्या.

प्रत्येक बरणीत धुराड्यातली काजळी पाण्यात कालवून घातली आणि एकेका धातूची पट्टी बुडवून बरण्या खिडकीत मांडल्या. लोखंड, जस्ती पत्रा, तांबं, जर्मन, आणि शेवटच्या बरणीत बाईंची स्वतःची मोडलेली कात्री. विलायतेहून आलेली, न गंजणाऱ्या पोलादाची. रोज सकाळी त्या प्रत्येक पट्टी काढून बघायच्या, टिचकी मारायच्या आणि, काय सांगू, चाटायच्या. थुंकून चूळ भरायच्या आणि पुढची घ्यायच्या. बाळंतिणींच्या नातेवाइकांना वाटलं बाई करणी करतात. दोघीतिघींनी पोरींना हलवायची भाषा केली. पण बरण्या आपलं सांगत होत्या. लोखंडाचं पाणी तांबूस झालं. जस्तावर पांढरी बुरशी आल्यासारखं झालं. तांब्याचं पाणी हिरवट. जर्मनला सुईनं टोचल्यासारखे खड्डे पडले. कात्री होती तशीच. येरमाळ्याच्या एका म्हातारीनं तिकडच्या देवीचं, येडाईचं, नाव घेऊन त्या बरणीला गुपचूप हळद-कुंकू वाहिलं होतं. बाईंनी ते पाहिलं, पुसलं नाही. "येडाईनंसुद्धा हेच निवडलं," एवढंच म्हणाल्या.

पण तसल्या पोलादाची नळी आणायची कुठून? लढाई संपून लष्कराचं भंगार बाजारात आलं होतं, आणि बार्शीच्या एका भंगारवाल्याकडं लष्करी दूधखान्यातल्या नळ्या पडून आहेत असा निरोप आला. बार्शी इथून लांब नाही. पण बार्शी हिंदुस्थानच्या हद्दीत, आणि आम्ही निजामाच्या. त्या वर्षी हद्दीवर दोन्हीकडून आग होती. तिकडून लोखंड, तेल इकडं यायला बंदी. इकडं रझाकारांची नाकी. येडशीच्या रस्त्यानं जाणारा माणूस परत येईपर्यंत घरच्यांच्या जिवात जीव नसायचा.

बाई निघाल्या, मला घेऊन. गाडीवानाला शपथा घालून तयार केलं. नळ्या घेतल्या, तिकडच्या पोलिसांना बाईंनी सरळ सांगितलं, धुराड्याला लागतात, बाळंतिणी मरतात. त्यांनी दुपारभर बसवून ठेवलं आणि सोडलं. परतीला गाडीवान म्हणाला, "बाई, वर कडबा टाकतो. नळ्या दिसल्या तर आपली धडगत न्हाय."

"टाकू नकोस," बाई म्हणाल्या. "लपवली की ती तोफ होते. उघडी ठेवली तर नळीच राहते."

ऊन कलतीला लागलं असताना नाक्यावर बांबू आडवा झाला. खाकी कपड्यांतली पोरं, हातात भाले, दोघांकडं बंदुका. त्यांचा म्होरक्या मिसरूड फुटलेला, डोळे जागरणानं लाल. त्यानं नळीला बुटाची ठोकर मारली. "ये क्या है? तोप की नाल?"

"धुराडं," बाई म्हणाल्या. "धुएँ का रास्ता. दवाखान्याचं."

"झूट." त्यानं गाडीवानाला खाली ओढलं. गाडीवानाचे दात वाजत होते, मला ऐकू येत होते. मी बाईंच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "तोप नहीं तो गोली खा के देखेगी," म्होरक्या म्हणाला, आणि बाई तिथून हलायच्या आत त्यानं बंदूक नळीला लावून चाप ओढला.

बैल उधळले. कान बंद झाले. धूर विरला तेव्हा बाई होत्या तिथंच उभ्या होत्या, हाताच्या अंतरावर. त्यांनी वाकून भोकात बोट घातलं. बोट भाजलं, त्यांनी ते तोंडात घातलं, आणि मग त्या जे भडकल्या! कानडी, मराठी, उर्दू, सगळं एकदम.

"हे काय केलंस? आता हा तुकडा मी कुठं लावू? भिंतीत लावता येणार नाही. यातून धूर येईल, उशाशी बाई निजलेली असेल, सकाळी उठणार नाही! तुझ्या घरात कुणी बाळंत व्हायचं नाही का? तिला कुठं आणशील? माझ्याकडंच ना?"

म्होरक्यानं बंदूक पुन्हा वर केली. या वेळी नळीकडं नव्हती. मी डोळे मिटले. तेवढ्यात त्याच्या मागचा एक वयस्क माणूस हळूच बोलला, "जाने दो, मियाँ. मेरी बच्ची इनोंच के हाथ पे पैदा हुई." बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती. मग म्होरक्या थुंकला आणि बांबू वर झाला.

गाडी नजरेआड गेल्यावर मला रडू फुटलं. बाई बोट फुंकत म्हणाल्या, "सगळ्यात वर लावू तो. छपराच्याही वर. तिथं गळला तर कावळ्यांना."

नळ्या बसवायचं काम चाचांकडं आलं; सगळं गाव त्यांना चाचाच म्हणायचं. पत्र्याचं काम आणि कलई करणारे, मुसलमान गल्लीत दुकान, दोन मुली, बायको. पोलाद त्यांच्या हातोड्याला दाद देईना. "बाई, मारला की हातोडाच परत येतोय बगा. लई मगरूर हाय हे," ते म्हणायचे. त्यांनी जोडांची तोंडं आवळून घेतली ती धूर वर जातो म्हणून खालची नळी वरच्या नळीत जाईल अशी. बाईंनी सगळं उलटं करायला लावलं. "धूर वर जातो, चाचा. पण त्याचा घाम खाली येतो. वरची नळी खालच्यात बसली पाहिजे, म्हणजे ओघळ आतच राहील." वरून लोटाभर पाणी ओतून दाखवलं. चाचांनी मान डोलावली आणि पुन्हा हातोडा उचलला. बॉयलरखान्याच्या मागच्या भिंतीत जमिनीलगत एक झरोका पाडून घेतला, जाळी लावून. "आगीलाही श्वास लागतो. तिला दिला नाही तर ती माणसाचा घेते." मग पुन्हा मिरच्या जाळल्या. भिंतीवर नाक लावून मी सगळीकडं फिरले. काही नाही. बाईंनी स्वतः उबेच्या खाटेवर एक दिवस आणि एक रात्र काढली, आणि मगच बाळंतिणींना आत घेतलं. चाचा ज्याला त्याला सांगत सुटले की अख्ख्या जिल्ह्यात असं धुराडं नाही, एक जोड गळताना दाखवा.

त्यानंतरच्या पावसाळ्याच्या शेवटी हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. गावात गुलाल उडाला. आम्हीही दवाखान्याच्या दारात आंब्याची पानं बांधली. रझाकारांनी काय काय केलं होतं ते आम्ही खाटांवर पाहिलेलं होतं. पण करणारे पळून गेले होते. मागं राहिली ती त्यांच्या धर्माची साधी माणसं, ज्यांना पळायला जागाच नव्हती. दोनच दिवसांत गावाचा आवाज बदलला.

सकाळी चाचा मागच्या दारानं आले. बायको, मुली, गल्लीतल्या आणखी काही बाया, तान्ही पोरं. कुणाच्या पायात काही नव्हतं. लांबून आरडाओरडा येत होता, आणि तो जवळ येत होता.

मी म्हटलं, "वॉर्डात घेऊ. पांघरुणाखाली."

"वॉर्ड पहिला बघतील," बाई म्हणाल्या. त्यांनी बॉयलरखान्याचं दार उघडलं. "आत. सगळ्यांनी. मुलांना झरोक्याजवळ बसवा. चाचा, बर्नर पेटवा. पूर्ण सोडा."

"बाई, माणसं आत आणि बॉयलर पेटवायचा?" मी म्हटलं. मला ते लाल गाल दिसत होते.

"त्याच्या आवाजात पोरांचं रडणं बुडेल," त्या म्हणाल्या. आणि चाचांकडं वळून, "जोड तुमचे आहेत. विश्वास आहे ना?" चाचा मान डोलावून आत शिरले. दार लागलं, बाहेरून कडी पडली. आत बर्नर गरजू लागला. छपरावर धुराची पातळ रेघ उठली.

ते आले. काठ्या, कुऱ्हाडी, जळती पोती. आणि सगळ्यांच्या पुढं मापाडी. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. रझाकारांनी त्याच्या भावाला उचलून नेलं होतं, तो परत आला नव्हता. त्यांनी वॉर्ड पाहिला, खाटांखाली पाहिलं, कोठी उपसली. मग मापाडी बॉयलरखान्याच्या दाराशी आला. बाई दारापुढं उभ्या होत्या.

"बाई, बाजूला व्हा. आत कोन हाय?"

मी बाईंकडं पाहिलं. त्यांना खोटं बोलता येत नाही हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, गावाला माहीत होतं. त्यांच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती.

"चिमणी फुटलीय," बाई म्हणाल्या. "जोड सुटलेत. आत धूर कोंडलाय. बॉयलर बंद करायला जायचीसुद्धा सोय नाही."

"मला तर धूर दिसंना."

"दिसत नाही तो." बाईंनी त्याच्या डोळ्याला डोळा दिला. "तुझ्या बायकोला दिसला होता का?"

त्याचा चेहरा असा झाला की मला बघवेना. त्याची काठी खाली आली. मागून एक पोरगा पुढं घुसला, "म्हातारी बनवतीय! उघड कडी!" त्यानं कडीला हात घातला आणि त्याच क्षणी मापाड्याची काठी त्याच्या मनगटावर बसली.

"मरायचंय का?" मापाडी ओरडला. "ही बाई खोटं बोलत न्हाय! चला मागं! समदे मागं!" तो दोन्ही हात पसरून लोकांना रेटत राहिला, अंगणाच्या बाहेर, रस्त्यापर्यंत. जाताना त्यानं वळून बाईंना हात जोडले.

ऊन उतरेपर्यंत आम्ही कडी काढली नाही. रस्ता रिकामा झाल्यावर बाईंनी खूण केली आणि मी कडी काढली. आतून भट्टीसारखा भपका आला. माणसं घामानं निथळत होती, झरोक्याला पोरं चिकटली होती. बाई एकेकाचे गाल आणि नखं बघत गेल्या, पुन्हा पुन्हा, सगळ्यांची. सगळी जिवंत होती. शेवटी चाचा बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाई," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, "माझा एक बी जोड सुटला न्हवता."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. आणि मग भिंतीला टेकून रडल्या.

त्या लोकांना नंतर लष्कराच्या गाडीतून सुरक्षित जागी नेलं. काही महिन्यांनी चाचा परत आले, दुकान उघडलं. जिथं जळलं होतं त्याच गल्लीत, त्याच शेजाऱ्यांत. आणि दवाखान्यात एकही बाळंतीण येईना. बाईच म्हणाल्या चिमणी फुटलीय. मग कोण येणार? पंचांची बैठक बसली. मापाड्याला साक्षीला बोलावलं.

"बाईंनी मला तोंडावर सांगितलं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "त्या खोटं बोलत न्हाईत."

तांबं देऊ केलेले पंच बाईंकडं वळले. "तुम्ही असं म्हणाला होतात?"

"म्हणाले होते."

"एवढा हट्ट करून तुम्हीच निवडलेल्या धातूचं? मग सगळ्यांचा जीव धोक्यात घालून बॉयलर का चालू ठेवला?"

पायऱ्यांवर बसलेले चाचा उठू लागले. बाईंनी त्यांच्याकडं न बघताच म्हटलं, "सुम्मने इरी." गप्प राहा. त्या गल्लीत चाचांच्या मुली पुन्हा राहायला आल्या होत्या, आणि त्या दिवशी अंगणात आलेल्यांपैकी निम्मी माणसं ओसरीवर बसलेली होती. चाचा खाली बसले.

पंचांनी बाईंना जायला सांगितलं. नळ्या काढायचं कामही चाचांनाच मिळालं. एकेक तुकडा खाली येत होता, बाहेरून विटांची माती लागलेला, आतून काजळी पुसली की लखलखीत. बाईंनी ते पाहिलं नाही; त्या तेव्हा छोट्या रेल्वेगाडीनं लातूरकडं निघून गेल्या होत्या. पुढं त्यांनी उमरग्याकडं एका खेड्यात दोन खोल्यांत बाळंतपणं केली, चुलीवर पाणी तापवून. मला एकदा भेटल्या होत्या. या सगळ्यातलं काही त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. माझ्या हातातल्या नव्या पातेल्याला मात्र टिचकी मारून बघितली.

त्या गेल्याचं मला मापाड्याकडूनच कळलं. फार वर्षांनी, मोंढ्यात. तो आता म्हातारा झाला होता, मुलीच्या मुलांना घेऊन बसला होता. मला ओळखून उठला, बसायला पोतं झटकून दिलं.

"बाई गेल्या म्हनं उमरग्याकडं," तो म्हणाला. "लई खरं मानूस. त्या दिवशी त्यांनी मला आडवलं नसतं ना, तर म्या त्या दारातनं आत शिरलो असतो. जन्माचा गेलो असतो बगा."

मी त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या मांडीवर नात झोपली होती, तिच्या केसांत त्याची बोटं फिरत होती.

"व्हय," मी म्हणाले. "गेला असतात."